तबकडी, सुई आणि माडीची जमीन

इंदूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमचे जुने घर होते. खाली दगड-विटांच्या जाड भिंती आणि वर सागाच्या तुळयांवर फळ्या टाकून केलेली माडी. या घरातला एक नियम लहानथोर सगळ्यांना पाठ होता. माडीवर रेकॉर्ड लागली की कोणी चालायचे नाही. पाहुणा आला तर तो जिन्यातच थांबे. आई चहा घेऊन आली तर दारातूनच कपबशी आत सरकवी. एक बाजू संपून सुई उचलली गेली की घर पुन्हा हालू-बोलू लागे. शेजाऱ्यांना ही आमची संगीतभक्ती वाटायची. खरे कारण अगदी साधे होते. माडीवर चालले की सुई उडायची.

ही सुई उडणे ही केवळ आमच्या घरची अडचण नव्हती. घरात बसून गाणे ऐकण्याच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात कंपनाशी जे भांडण चालू आहे, त्यातलाच तो एक तुकडा. ते भांडण कधी सुरू झाले, कोणी कसे सोडवले आणि आपल्या इंदुरातल्या घरात ते कसे चुकले, हे सांगावे म्हणून हा लेख.

पहिली गंमत अशी की, आमच्या पणजोबांच्या काळात ही अडचण नव्हतीच. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाला खरी सुरुवात १९०२ साली झाली. फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाल्यावर त्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. चावीच्या ग्रामोफोनवर तीन-साडेतीन मिनिटांची एक बाजू वाजे. त्यात वीज नव्हती. सुई थरथरली की तिला जोडलेला अभ्रकाचा पातळ पडदा थरथरे आणि कर्णा तो आवाज खोलीत फेके. म्हणजे ते सगळे यंत्रच मुळी कंपनावर चालणारे. शिवाय सुईवरचे वजन शंभर ग्रॅमच्या पुढे असायचे. एवढ्या ओझ्याखाली दबलेली पोलादी सुई कोणी जवळून चालले म्हणून उडणार कशी? उलट तीच तबकडी खरवडत असे, म्हणून दर बाजूला सुई बदलावी लागे.

तरीही कंप मुरवण्याचा पहिला इलाज याच यंत्रात सापडतो. अभ्रकाच्या पडद्याच्या कडेला रबराची बारीक कडी असे. पडदा धातूच्या डबीत घट्ट बसावा पण डबीला थेट टेकू नये, यासाठी ती योजना. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काही वर्षांत ते रबर कडक होई आणि मग उंच सुरावर पडदा चरचरू लागे. जुन्या ग्रामोफोनचा आवाज फाटका येतो असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा दोष तबकडीचा नसून या वाळलेल्या रबराचा असतो. कोणाच्या माळ्यावर असा ग्रामोफोन पडून असेल तर आधी ती कडी बदलून पाहावी.

आमचा ग्रामोफोन खालच्या खोलीत, दोन फुटी भिंतीतल्या फडताळात असे. आजोबांनी तो तिथे ठेवला तो पोरांचा हात पोचू नये म्हणून. या जागेचे महत्त्व पुढे येईल.

परिस्थिती पालटली ती १९४८ नंतर. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने त्या साली लाँग प्लेइंग तबकडी आणली. मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी ३३⅓, लाखेऐवजी विनाइल, आणि एका बाजूला वीसेक मिनिटे गाणे. इतके गाणे मावायचे तर खाच केसाइतकी बारीक हवी. खाच बारीक तर सुई हलकी हवी. शंभर ग्रॅमचे ओझे हळूहळू दोन-तीन ग्रॅमवर आले. त्या सुईची हालचाल विजेत बदलून अँप्लिफायरने हजारो पट मोठी करायची. आता सुईला फक्त खाचेने हलवायला हवे, दुसऱ्या कशानेही नको. पण सुईला काय कळते? तिला जे हलवेल ते सगळे ती इमानदारीने स्पीकरकडे पाठवते. मोटरची घरघर, पंख्याचा कंप, जिन्यावरची पावले, सगळे.

आपल्या शास्त्रीय संगीताला लाँग प्लेइंगचा जेवढा फायदा झाला तेवढा क्वचितच कोणाला झाला असेल. तीन मिनिटांत ख्याल उरकायचा ही शिक्षा संपली. इंदूरकरांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारीची तबकडी १९६० मध्ये निघाली. एका बाजूला एकच राग, आणि तोही अतिविलंबित. खाँसाहेबांचे गाणे मंद्रात उतरते, दोन सुरांच्या मध्ये शांतता ठेवते. जलद तानांच्या गदारोळात यंत्राची घरघर लपून जाते. खाँसाहेबांच्या शांततेत ती लपत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणाऱ्या चार ध्रुवांच्या साध्या मोटरचे सेकंदाला सुमारे पंचवीस फेरे होतात आणि तेवढ्याच हर्ट्झची घुरघुर रबरी चाकातून थाळीत उतरते. दरबारीचा गंधार आधीच आंदोलित. त्याला खालून मोटरने आणि माडीने आणखी आंदोलने द्यायचे काही कारण नव्हते.

त्यात १९५८ च्या सुमारास बाजारात स्टिरिओ तबकडी आली. तिची मूळ कल्पना ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याची, पेटंट १९३१ चे. मोनो तबकडीत सुई फक्त आडवी, डावी-उजवी हलते. स्टिरिओत दोन स्वतंत्र आवाज एकाच खाचेत बसवण्यासाठी सुईला वर-खाली हलण्याचीही मुभा दिली. इथे खरी मेख आहे. मोनोची सुई उभ्या हालचालीकडे बव्हंशी दुर्लक्ष करी. जमीन हलते ती मुख्यतः वर-खाली. म्हणजे स्टिरिओ आली आणि जमिनीलाही गाण्यात आवाज मिळाला.

आमच्या घरी स्टिरिओ आला तो बाबांच्या नोकरीतल्या पहिल्या मोठ्या थकबाकीतून. परदेशी माल तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हता. आयातीवर निर्बंध, वर जबर कर. तेव्हा देशी बनावटीचाच रेकॉर्ड प्लेअर, दोन लाकडी स्पीकर आणि अँप्लिफायर. एवढी किमती वस्तू खालच्या अंधाऱ्या खोलीतल्या फडताळात कोण ठेवील? ती माडीवर, नव्या शोकेसवर, बरोबर दोन तुळयांच्या मध्ये विराजमान झाली. स्पीकरही त्याच शोकेसवर. आवाज जरा वाढवला की स्पीकरचा खर्ज शोकेसमधून सुईत, सुईतून परत स्पीकरमध्ये, असा फेरा सुरू होई आणि सगळा संच घों घों करी. बाबांनी स्पीकर खाली उतरवले. घोंघावणे थांबले, पावलांचा त्रास मात्र राहिला.

मग प्रयोग सुरू झाले. ज्या घरात फ्रिजखाली हवाई चपलेचे तुकडे असतात त्या घरात रेकॉर्ड प्लेअरखाली दुसरे काय येणार? बाबांनी जुन्या चपला कापून प्लेअरच्या चार पायांखाली एकावर एक दोन-दोन तुकडे ठेवले. त्याआधी गादीचा फोम झाला होता, आजीची चुंबळ झाली होती. तबला चुंबळीवर बसतो तर प्लेअर का नाही, हा त्यांचा युक्तिवाद. चपलेने मोटरची घरघर थोडी कमी झाली असे त्यांना वाटले, आणि तसे झालेही असेल. त्यावर ते खूश होते.

१९८९ ची अनंत चतुर्दशी. इंदूरच्या झांक्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार अशा गिरण्यांच्या कामगारांनी उभारलेल्या, दिव्यांनी झळझळणाऱ्या झांक्या रात्रभर राजवाड्यावरून जातात. मार्गाजवळ घर असले की त्या दिवशी सगळे नातेवाईक आपलेच. आमच्याकडे तीसेक माणसे होती. पहिली झांकी यायला वेळ होता, म्हणून बाबांनी मामांसाठी दरबारी लावली. मोठी माणसे जागच्या जागी बसली. मी नऊ वर्षांचा होतो. लांबून बँड ऐकू आला आणि मी सज्जाकडे धावलो. सात-आठ पावलेच असतील. मागे एक खर्र्‌ असा आवाज आला आणि गाणे एकदम पुढे गेले. सुई तबकडीवरून आडवी घसरली होती. बाबांनी उठून सुई उचलली, तबकडी दिव्याखाली तिरकी धरून पाहिली आणि पाकिटात घातली. ते मला काही बोलले नाहीत. मी त्या रात्री एकही झांकी पाहिली नाही.

नंतर कॅसेटचे दिवस आले, प्लेअर शोकेसमधून कपाटावर गेला. मी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो आणि रस्ते-पुलांच्या कामावर उन्हात फिरू लागलो. कंपनाचे गणित मला पुस्तकात भेटले होते, पण त्याचा आमच्या प्लेअरशी संबंध लागायला पुढची पंधरा वर्षे गेली.

गणित फार अवघड नाही. कुठलीही वस्तू मऊ आधारावर ठेवली की तिच्या वजनाने आधार जेवढा दबतो, त्यावरून ती वस्तू कोणत्या वेगाने आपणहून डुलेल हे ठरते. एक मिलिमीटर दबला तर सेकंदाला साधारण सोळा वेळा, चार मिलिमीटर दबला तर आठ वेळा, पंचवीस मिलिमीटर दबला तर तीन वेळा. रबराच्या बाबतीत हा हिशोब ढोबळ आहे, स्प्रिंगच्या बाबतीत पक्का. आता महत्त्वाची गोष्ट. आधार ज्या वेगाने स्वतः डुलतो, त्याच्या सुमारे दीडपट वेगाच्या वरचेच कंप तो अडवतो. त्याच्या स्वतःच्या वेगाचा कंप आला तर तो अडवत नाहीच, वाढवतो. झोपाळ्याला तालात धक्का द्यावा तसे.

आता आमची माडी पाहा. अशा लाकडी जमिनी साधारण सेकंदाला आठ-बारा वेळा थरथरतात. सुईचा दांडा आणि कार्ट्रिज यांची जोडीही स्वभावतः आठ-बाराच्याच आसपास डुलते. तेव्हा मूळचाच योग वाईट. त्यात बाबांचे चपलेचे तुकडे. मी नंतर तसेच तुकडे कापून तेवढ्याच वजनाखाली मोजले. अडीच मिलिमीटर दबले, म्हणजे सेकंदाला दहा. जमीन दहा, चप्पल दहा, दांडा दहा. घरातल्या तीनही गोष्टी एकाच सुरात लावून ठेवल्या होत्या, आणि मी त्यावरून धावलो होतो. चपला काढून प्लेअर नुसता शोकेसवर ठेवला असता तर सुई कदाचित उडून जागीच पडली असती. इलाज अजिबात नसण्यापेक्षा अर्धवट मऊ इलाज वाईट, ही गोष्ट मला कळली तेव्हा मी पस्तिशीचा होतो.

ज्यांना हे वेळेवर कळले त्यांच्यात अमेरिकेतले एडगर विलचर हे मोठे नाव. ॲकूस्टिक रिसर्च या कंपनीचे ते एक संस्थापक. १९६१ मध्ये त्यांनी आणलेल्या टर्नटेबलमध्ये फिरती थाळी आणि सुईचा दांडा एकाच धातूच्या पट्टीवर बसवून ती पट्टी तीन नरम स्प्रिंगांवर तोलली होती. मोटर मात्र वेगळी, वरच्या पत्र्याला पक्की, आणि थाळीशी तिचा संबंध फक्त एका रबरी पट्ट्याचा. युक्ती ही की, थाळी आणि दांडा हलले तर एकत्रच हलतील. एकमेकांच्या संदर्भात ते स्थिरच राहतील आणि सुईला काही कळणार नाही. पुढे स्वित्झर्लंडच्या थोरेन्सने आणि स्कॉटलंडच्या लिनने हाच मार्ग धरला. या लोकांनी आधी आकडा ठरवला आणि मग स्प्रिंग निवडली. आपण आधी चप्पल कापली.

अर्थात माझेही पहिले प्रयोग काही शहाणपणाचे नव्हते. पुलाच्या गर्डरखाली निओप्रीनचे जाड पॅड घालतात. पूल थंडी-उन्हात आकसतो-पसरतो, ते सामावून घ्यायला. एका कामावर अशाच पॅडचा टाकाऊ तुकडा मिळाला. मला वाटले, जे रबर पुलाला पुरते ते सहा किलोच्या प्लेअरला का पुरणार नाही? घरी आणून ठेवले. काडीचा फरक नाही. कारण उघड होते, फक्त माझ्या डोक्यात उशिरा शिरले. टनावारी ओझ्यासाठी केलेले रबर सहा किलोला दगडासारखेच. मऊपणा हा रबराचा गुण नाही, रबर आणि ओझे यांच्या जोडीचा गुण आहे.

त्यानंतरचा प्रयोग सायकलच्या ट्यूबचा. लहान सायकलची ट्यूब, अर्धवट हवा, तिच्यावर अठरा किलोची कोटा फरशी, फरशीवर प्लेअर. हा उपाय जगभरच्या हौशी लोकांचा आवडता आहे आणि तो स्वस्तही आहे. मोबाईलमधल्या कंप मोजणाऱ्या ॲपवर फरशी सेकंदाला चारच्या जवळ डुलताना दिसली. मोटरी, पंखे, रस्त्यावरचे ट्रक यांची थरथर त्याच्या वरची, ती सगळी अडली. पाणसळ लावून फरशी समपातळीत आणायला मात्र अर्धा तास लागतो आणि दर पंधरा दिवसांनी हवा भरावी लागते. माळव्याच्या काळ्या मातीवरच्या घरात तर हे ओघानेच आले. पावसाळ्यात ती माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तळमजल्याची जमीन वर्षातून दोनदा आपली पातळी बदलते.

पण हीच ट्यूब घेऊन मी जुन्या घरी माडीवर गेलो तेव्हा फजिती झाली. माणूस सेकंदाला दोन पावले टाकतो. त्या हेलकाव्याला चारवर डुलणारी फरशी अडवू शकत नाही. फरशी बोटीसारखी झुलू लागली. परदेशातही लाकडी जमिनीच्या घरांत स्प्रिंगवाल्या टर्नटेबलची हीच तक्रार असते, आणि तिथले जाणकार एकच तोडगा सांगतात. जमीन सोडा, भिंत धरा. जाड भिंतीत पक्का बसवलेला कोनाडा किंवा ब्रॅकेट पावलांनी हालत नाही. म्हणजे फिरून आम्ही आजोबांच्या फडताळापाशी आलो. ते त्यांनी पोरांसाठी निवडले होते हे खरे, पण जागा तीच बरोबर होती.

आता थोडे बाजाराबद्दल. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली. तिच्यात सुई नाही. प्रकाशाचा किरण आकडे वाचतो आणि त्या आकड्यांत चूक सुधारण्याची अशी व्यवस्था असते की डिस्कवरचा अडीच मिलिमीटरचा सलग डाग ती पूर्ण भरून काढते. मग कंप अडवणाऱ्या पायांचा, शंकूंचा, जेलच्या चकत्यांचा धंदा बंद पडायला हवा होता. तो वाढला. माझ्या मेहुण्याने सीडी प्लेअरखाली घालायला तीन चकत्या घेतल्या, किंमत लिहीत नाही. त्याला आवाजात ‘हवा’ आल्यासारखी वाटली. आम्ही एका रविवारी पोहे-जिलेबी झाल्यावर त्याच्या डोळ्यांवर पंचा बांधला. बारा वेळा ऐकवले, कधी चकत्यांसह, कधी त्यांच्याविना. सात वेळा बरोबर. नाणे उडवूनही सहा आली असती. मग त्याच पंच्यासह माझा टर्नटेबल, ट्यूबसह आणि ट्यूबविना, आणि भाच्याला खोलीत उड्या मारायला सांगितले. बारापैकी बारा. मेहुणा आता माझ्याशी या विषयावर बोलत नाही. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरची गोष्ट थोडी वेगळी. व्हॉल्व्हवर टिचकी मारली तर तो स्पीकरमधून बोलतो, तिथे रबराचा उपयोग आहे. बाकी ठिकाणी माझे मत मेहुण्याला ठाऊक आहे.

एक फुकटचा उपाय मात्र सर्वांना सांगण्यासारखा. जुनी मोनो तबकडी स्टिरिओ यंत्रावर लावली तर अँप्लिफायरवरचे मोनोचे बटण दाबा. उभ्या हालचालीचा आवाज दोन वाहिन्यांत उलट-सुलट असतो, तो एकत्र आल्यावर एकमेकांना खाऊन टाकतो आणि जमिनीची बरीचशी घरघर नाहीशी होते. आमच्या यंत्रावर हे बटण पहिल्या दिवसापासून होते. ते कशासाठी आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हते.

ते घर आता नाही. आम्ही राजेंद्रनगरला राहतो. प्लेअर भिंतीत पुरलेल्या दोन लोखंडी अँगलवर, कोटा फरशीवर बसला आहे. नातवंडे खोलीतून धावतात, सुई हालत नाही. जुन्या तबकड्यांची आवड असणाऱ्यांनी शहराबाहेर पिगडंबरला लता दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाचे ग्रामोफोन रेकॉर्डांचे संग्रहालय आहे ते अवश्य पाहावे. लताबाईंचा जन्म आपल्या इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९ चा, हे नव्या पिढीला सांगायलाही ते निमित्त आहे.

गेल्या गणपतीत मी बाबांना कागदावर सगळे आकडे मांडून दाखवले. जमीन दहा, चप्पल दहा, दांडा दहा. त्यांनी कागद नीट पाहिला आणि म्हणाले, “म्हणजे चपला मी ठेवल्या होत्या.” मी म्हटले, “धावलो मी होतो.” ते म्हणाले, “पोरं धावणारच.” मग त्यांनी दरबारी लावायला सांगितली. ओरखडा सुमारे सेंटिमीटरभर आहे. त्या भागात दर फेरीला एकदा, म्हणजे १.८ सेकंदाला एकदा, टक् होते. मी मोजले, अठ्ठ्याऐंशी वेळा, अडीच मिनिटांच्या थोडे वर. बाबा डोळे मिटून ऐकत होते. बाजू संपल्यावर मी विचारले, तर म्हणाले, आता त्यांना ती टकटक ऐकू येत नाही.